घाटाखालची बाटली

कोल्हापुरांत ‘परमिट रूम’ अशा पाट्या जागोजाग दिसतात. परंतु ही एका मोडलेल्या संकल्पाची खूण आहे, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. १ मार्च १९४९ रोजीं आमचें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि त्याच वर्षींच्या दारूबंदी कायद्यानें परवान्याविना मद्य वर्ज्य ठरलें. आंबोली घाट उतरून बांद्यापलीकडे गेलें कीं मात्र पोर्तुगीज अंमल! तेथें काजूची फेणी गाळणें हा चारचौघांत सांगण्याजोगा व्यवसाय होता. घाटावर जो गुन्हा, तोच घाटाखालीं पोटाचा धंदा. मग चोरवाटा पडल्या त्यांत नवल काय?

१९६१ सालीं गोवा मुक्त झाला, परकी सीमा गेली. पुढें महाराष्ट्रानें बंदीहि सैल केली. तरी वाट मोडली नाहीं. आतां कारण निराळें. गोव्यांत कर कमी, येथें अधिक. म्हणून तिकडील स्वस्त माल आजरा-चंदगडच्या रस्त्यांनीं वर येतो. तो अडविला जातो त्याच १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं, आणि अडविणारें खातें ‘राज्य उत्पादन शुल्क’ या नांवाचें! मद्यावरील कर राखण्यास मद्यनिषेधाचें शस्त्र. ही संगति आमच्या जुन्या शास्त्रीबुवांनाहि लावतां आली नसती.

माझ्या हाताखालीं शिकलेला एक मुलगा असाच टेंपो चालवितांना धरला गेला. धनी कोण, हें त्यानें सांगितलें नाहीं. कदाचित् त्यास ठाऊकहि नसेल. वकिलापायीं बापाचें शेत गहाण पडलें. आई वर्तनाचा दाखला मागावयास आली, ती म्हणाली, “गुरुजी, गांवांत सरकारमान्य दुकान आहे, मग माझ्या पोरानें वेगळें काय केलं?” दाखला मीं दिला, प्रश्नाचें उत्तर देववलें नाहीं.

यावरून मी मद्याचा कैवारी आहें असें कोणीं समजूं नये. १९६० सालीं हाच कायदा गुजराथच्याहि वांट्यास आला व तेथें तो कडक राहिला. तरी २००९ सालीं अहमदाबादेस विषारी दारूनें शंभरांवर माणसें मेलीं. बंदी सैल असलेल्या मुंबईंतहि २०१५ सालीं मालवणी येथें तोच अनर्थ झाला. दोन्हीकडे मेलीं तीं हातावर पोट असणारींच. त्यापेक्षां २००८ पासून गांवच्या स्त्रियांस मतदानानें दुकान बंद करवितां येतें, तो मार्ग मला प्रामाणिक वाटतो; घरांतील मार ज्यांनीं सोसला, त्यांनींच तेथें निवाडा करावयाचा असतो. परंतु करचोरीस करचोरीच म्हणावें, आणि चालकापाशीं न थांबतां माल भरणाऱ्यापर्यंत जावें. त्या मुलाच्या खटल्यांत अद्याप त्याचें एकट्याचेंच नांव आहे.