मीरा उतरणीला

2 डिसेंबर
नऊच्या सुमारास तिमिंगल तारकासमूह दक्षिणेला चांगलाच वर. त्यातली मीरा शेजारच्या गॅमा ताऱ्यापेक्षा मंद, डेल्टापेक्षा ठळक. तेजस्वितेची प्रत 3.7 लिहिली. लाल ताऱ्याकडे टक लावली की तो उगाच उजळ वाटू लागतो. नजर टाकायची, काढून घ्यायची, शेजारच्या ताऱ्यावर न्यायची, बस्स.

9 डिसेंबर
ढग. फाब्रिसियसबद्दल वाचलं. फ्रिसियातल्या या पाद्र्याला 1596च्या ऑगस्टमध्ये मीरा दिसली आणि काही आठवड्यांत दिसेनाशी झाली. 1609 मध्ये ती त्याला पुन्हा दिसली. ती सुमारे अकरा महिन्यांनी नियमाने परतते हे मात्र 1638 नंतर खगोलज्ञ होल्वार्दामुळे कळलं. फाब्रिसियसचा शेवट विचित्रच: प्रवचनात एकावर हंसचोरीचा आरोप केला, त्याने डोक्यात फावडं घातलं.

23 डिसेंबर
किंचित उतरली. काल गच्चीवर आलेल्या भाचीने विचारलं, “मामा, ही विझतेय का?” नाही गं. मीरा सूर्याच्या जागी ठेवली तर पृथ्वीची कक्षाही तिच्या पोटात जाईल. एवढा फुगलेला तारा, वरचे थर सैल. आतली उष्णता त्या थरांत अडते, थर फुगतात, मग थंडावून खाली बसतात. एका फेरीला सुमारे 332 दिवस.

पण खरी गंमत पुढे आहे. डोळ्यांना दिसणारा प्रकाश शेकडो पटींनी घटतो, आणि ताऱ्याची एकूण ऊर्जा मात्र त्यामानाने थोडीच कमी होते. थंडावलेल्या थरांत टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू तयार होतात आणि नेमका दृश्य प्रकाश अडवतात. बरीचशी ऊर्जा अवरक्तातून निघून जाते. तिसऱ्या प्रतीवरून नवव्या प्रतीपर्यंतच्या घसरगुंडीत या पडद्याचा वाटा मोठा. भाचीला हे पटलं नाही. तिला विझणारा ताराच जास्त आवडला.

14 जानेवारी
डेल्टापेक्षाही मंद. तिळगूळ वाटून उशिरा वर गेलो.

असल्या नोंदींचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी राधागोविंद चंद्रांचं नाव घेतो. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी तपासण्याची नोकरी, आणि रात्री रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे. 37 हजारांहून जास्त नोंदी त्यांनी अमेरिकेतल्या निरीक्षक संघाला पाठवल्या. संघाने 1926 मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण भेट दिली. पुढे ती खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. एकेक नोंद क्षुल्लकच. पण दशकानुदशकांच्या अशा नोंदींतूनच वासुकीतल्या आर ताऱ्याचा आवर्तकाळ घटत गेल्याचं उघड झालं. ते मोठ्या वेधशाळेला एका रात्रीत कसं कळणार?

8 फेब्रुवारी
मीरा द्विनेत्रीशिवाय धड दिसेना. पश्चिमेचा धुरळाही वाढलाय. आता सिंहेतला आर ताराच बरा: मघेच्या पश्चिमेला, साधारण 312 दिवसांचा. नकाशा काढून ठेवलाय.