हौसेचं ॲव्हरेज

पीटरबिल्ट ३७९ ही गाडी तुम्ही पाहिलेली आहे, फक्त नाव माहीत नसेल. २००७ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ सिनेमात जो निळा-लाल ट्रक उभ्या उभ्या यंत्रमानव होतो, तो हाच. लांबलचक चौकोनी बॉनेट, दोन्ही बाजूंना चकाकणारे एअर क्लीनरचे डबे, केबिनच्या मागे आकाशाकडे तोंड केलेले दोन सायलेन्सर, आणि आरसा म्हणून वापरता येईल असा बंपर. गेल्या वर्षी माझ्या आपाच्या मुलाने मला या गाडीचे इतके फोटो पाठवले की वर्गात फोन टेबलावर ठेवला की पोरं विचारायची, “मॅडम, गाडी घेताय का?”

भाचा शिकागोच्या बाजूला राहतो, ट्रक चालवतो. सहा वर्षं कंपनीची गाडी चालवून त्याने पन्नास हजार डॉलर बाजूला टाकले. आता स्वतःची गाडी घ्यायची, एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीला लावायची आणि मालकही आपण, ड्रायव्हरही आपणच. तिकडे याला ओनर-ऑपरेटर म्हणतात. आमचे अब्बा आयुष्यभर तेच होते, पण त्यांच्यासाठी असा शब्द नव्हता. लोक म्हणायचे, यांची घरची गाडी आहे.

प्रश्न असा होता की गाडी कुठली घ्यायची. तिकडे लांब पल्ल्याचा माल ओढणारा पुढचा भाग, ज्याला आपल्याकडे घोडा म्हणतात, तो दोन तऱ्हांचा मिळतो. एक ही क्लासिक: पीटरबिल्ट ३७९, तिच्यानंतरची ३८९, किंवा केनवर्थ डब्ल्यू-९००. दुसरी वाऱ्याला वाट करून देणारी एरोडायनॅमिक: उतरतं बॉनेट, गोलाई घेतलेले कोपरे, टपावर ट्रेलरच्या उंचीपर्यंत चढत जाणारा पंखा, खाली डिझेलच्या टाक्या झाकणारे पडदे. फ्रेटलायनरची कॅस्केडिया, केनवर्थची टी-६८०, पीटरबिल्टचीच ५७९. मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यात हजारोंनी दिसतात त्या या. भाच्याच्या शब्दांत, “खाला, साबणाच्या वड्या आहेत सगळ्या.”

मी भाषा शिकवते. गाड्यांतलं मला काय कळतं? पण घरात पावकी-निमकी तोंडपाठ असणारी मी एकटीच उरले आहे आणि या पोराला तीसपर्यंतचे पाढे मीच पाठ करून घेतले होते. म्हणून त्याला हिशोब तपासून घ्यायला मीच आठवले. मग मीही वाचत गेले.

एक गोष्ट वाचून मला फार गंमत वाटली. क्लासिक म्हणजे जुनी आणि एरो म्हणजे नवी, हे तितकंसं खरं नाही. पूर्वी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबी किती असावी यावर बंधन होतं. नाक लांब केलं की मागे मालाची जागा कमी. म्हणून तिकडेही आपल्यासारख्या चपट्या तोंडाच्या, इंजिनावर बसायच्या गाड्या भरपूर चालत. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने महामार्गांवर एकूण लांबीचं ते बंधन काढलं आणि लांब नाकाला मोकळं रान मिळालं. डब्ल्यू-९०० ची सुरुवात १९६१ ची, हे कबूल. पण ३७९ आली १९८७ मध्ये. आणि केनवर्थची उतरत्या बॉनेटची टी-६००, जिला ड्रायव्हर लोकांनी मुंगीखाऊ म्हणून हिणवलं, ती आली १९८५ मध्ये. म्हणजे ‘जुनी’ ३७९ ही त्या ‘नव्या’ मुंगीखाऊपेक्षा दोन वर्षांनी धाकटी. परंपरा म्हणून आपण छातीशी धरतो त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा जन्मदाखला असाच निघतो.

आता हिशोब. महामार्गाच्या वेगाला गाडी जी ताकद लावते, तिच्यातली साधारण निम्मी नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६५ मैलांऐवजी ७५ मैलांनी गेलं की तो एक तृतीयांशाने वाढला. चौकोनी नाकाची गाडी गॅलनला सहा मैलांच्या आसपास जाते, चांगली एरो आठच्या आसपास. आपल्या भाषेत लिटरला अडीच किलोमीटर आणि तीन-साडेतीन किलोमीटर. ऐकायला फरक किरकोळ. पण हे लोक वर्षाला एक लाख मैल चालवतात. सहाच्या ॲव्हरेजला १६,६६७ गॅलन, आठच्या ॲव्हरेजला १२,५००. गॅलनला चार डॉलर धरा. वर्षाला साडेसोळा हजार डॉलरच्या वर फरक पडतो. तीन वर्षांत त्याची सगळी बचत सायलेन्सरमधून वर गेली.

आणखी एक बारकी गोष्ट आहे, जी मला फार महत्त्वाची वाटली. माल पाठवणारा डिझेलच्या भाववाढीपोटी मैलामागे वेगळे पैसे देतो. तो आकडा काढताना अनेक ठिकाणी गाडी गॅलनला सहा मैल जाते असं धरलेलं असतं. म्हणजे आठ मैल जाणाऱ्याला सहाच्या हिशोबाने पैसे मिळतात आणि वरचे त्याच्या खिशात राहतात. साडेपाच जाणारा तेवढे पदरचे घालतो. भाव चढले की पहिला हसतो आणि दुसरा रडतो.

हे सगळं मी वहीच्या पानावर लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं आणि तेही कच्चं नव्हतं. म्हणाला, खाला, ही वारा-बिऱ्याची गणितं बंद पेटीच्या उंच ट्रेलरची आहेत. उघड्या ट्रेलरवर लोखंड, यंत्रं, पाइप लादले की मागेच हवा इतकी फाटते की पुढे कितीही गोलाई दिली तरी फायदा आटतो. शिवाय क्लासिकवाला ६० च्या वेगाने शांत गेला, तर ७५ ने पळणाऱ्या एरोवाल्यापेक्षा फार मागे राहत नाही. जुन्या गाडीची सपाट काच फुटली तर स्वस्तात बसते. बंपर ठोकला तर ठोकून सरळ होतो. नव्या गाडीचा हेडलाइट हरणाला धडकला की दिव्यासकट अर्धं तोंड बदलावं लागतं. २००७ पासून धूर गाळणारं फिल्टर आणि २०१० पासून युरियाची टाकी आली, त्यांचे सेन्सर बिघडले की गाडी स्वतःच वेग कमी करून बसते. त्याआधीच्या कॅटरपिलर इंजिनला यातलं काही नाही. आणि २००० च्या आधीचं इंजिन असेल तर तास मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतूनही सूट आहे. विकायला काढली तरी ३७९ ला गिऱ्हाईक असतंच. साबणाच्या वड्या मात्र मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांनी एकदमच बाजारात ओततात, म्हणून भाव पडतो.

शेवटचा मुद्दा त्याने उलट्या बाजूने मोजला होता. विकणाऱ्याला भाव पडतो म्हणजे घेणाऱ्याला स्वस्त मिळते! व्याजावर गाडी घ्यायची नाही हे त्याने आधीच ठरवलेलं. त्यावर आमच्यात वाद नव्हता. त्यामुळे पन्नास हजार हीच त्याची सीमा. तेवढ्यात वीस-बावीस वर्षांची ३७९ येत होती, सगळे पैसे संपवून. किंवा चार-पाच वर्षांची एरो येत होती, वर थोडे हातात ठेवून. नवीन क्लासिकचा तर विचारच नको. आणि आता त्या जातीच्याच मोजक्या उरणार आहेत. डब्ल्यू-९०० बनवणं २०२६ मध्ये थांबवणार असं केनवर्थने जाहीर केलंय. पीटरबिल्टने ३८९ च्या जागी ५८९ आणली आहे, नाक तेवढं लांब ठेवून.

मी नजरेचाही मुद्दा काढला. त्या लांब नाकासमोर कमी उंचीचं मूल उभं असेल तर ड्रायव्हरला दिसत नाही. शहरातल्या जुन्या गोदामांच्या बोळात पुढचा एक्सल अगदी पुढे असलेली गाडी वळवायला जास्त जागा लागते. तो गप्प राहिला. मग म्हणाला, “खाला, सहा वर्षं साबणाच्या वडीतच बसलोय. उद्या मालक झाल्यावरही त्यातच बसायचं, तर मग मी मालक कशाचा?”

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.

अब्बांची टाटाची नाकवाली गाडी होती. घरात फरशी बसायच्या आधी त्या गाडीच्या केबिनला मणी-झालर लागली होती, मागे पेंटरकडून मोर काढून घेतला होता. अम्मी बोलायची, पुढच्या टायरला गोटा झालाय आणि मागे मोर नाचतोय. तिचं बरोबर होतं. पण रात्री-अपरात्री नाक्यावर लोक त्यांना त्या मोरावरून ओळखायचे, चहा पाजायचे, परतीचा माल सांगायचे. त्या मोराने किती भाडं मिळवून दिलं याचा हिशोब कुणी लिहून ठेवला नाही.

दोन भाषा शिकवणाऱ्या बाईला इथे एक शब्द आडवा येतो. मराठीतली हौस आणि उर्दूतली हवस, दोन्ही एकाच अरबी शब्दाच्या लेकी. उर्दूत गेलेली बदनाम झाली, वासना आणि हाव होऊन बसली. मराठीत आलेली नांदली. बाळंतिणीची हौस, नव्या नवरीची हौस, हौसेला मोल नाही. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं हसतात. भाच्याला मी सांगितलं की मोल नाही हे चूक आहे. मोल आहे, वर्षाला साडेसोळा हजार डॉलर. ते माहीत असून, हातात शिल्लक असताना, उघड्या ट्रेलरचं चांगलं काम बांधलेलं असताना कुणी ३७९ घेतली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. ती हौस. पण पहिलीच गाडी, बंद पेटीचा माल, आणि इंजिन एकदा बसलं तर उघडायला खिशात दमडी नाही, अशा वेळी तीच गाडी घेणं हा दुसरा शब्द.

तो रागावला. दोन आठवडे फोटो बंद. आपाने मला फोन करून विचारलं, पोराला काय बोललीस? मी म्हटलं, शब्दार्थ सांगितला.

शेवटी त्याने एरोच घेतली, पाच वर्षांची, पांढरी, कुणाच्या तरी ताफ्यातून निघालेली. दारावर जुन्या कंपनीच्या नावाची सावली अजून दिसते. पहिल्या महिन्यात ॲव्हरेज ७.६ पडलं, ते त्याने मला मध्यरात्री कळवलं. दुसऱ्या महिन्यात धुराचा एक सेन्सर गेला. ओढून नेण्याचं भाडं, गॅरेजची मजुरी आणि दोन दिवसांचं बुडालेलं काम मिळून वाचलेलं सगळं डिझेल त्यात गेलं. त्याने तो सेन्सर तळहातावर ठेवून फोटो पाठवला, अंगठ्याएवढी वस्तू. खाली लिहिलं होतं: “खाला, याला उर्दूत काय म्हणतात?”