शनिवार-रविवार सुट्टीची गोळी

चिकोडीच्या आमच्या घरात आज्जीच्या औषधांच्या डब्यात एक बारकी गोळी असते, डिगॉक्सिन. हृदयाचे ठोके अनियमित झाल्यापासून ती चालू आहे. सोमवार ते शुक्रवार रोज एक आणि शनिवार-रविवार सुट्टी. आपल्याकडे ही पद्धत बऱ्याच घरांत दिसते. "गोळीलाबी सुट्टी हाय, मलाच न्हाई," असं आज्जी म्हणते.

गेल्या वर्षी तिचं जेवण तुटलं, मळमळायला लागलं. वय झालं, असंच सगळे म्हणत होते. बेळगावच्या डॉक्टरांनी मात्र आधी औषधांचा डबा पाहिला. मग क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि रक्तातलं डिगॉक्सिन तपासायला सांगितलं. क्रिएटिनिन आलं १.२, म्हणजे दिसायला जवळपास नॉर्मल.

डॉक्टरांनी कागदावर १९७६ सालचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र मांडलं. १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं. बायकांसाठी पुन्हा ०.८५ ने गुणायचं. आज्जीचं वय ७५, वजन ४५ किलो. उत्तर आलं मिनिटाला साधारण २९ मिलिलिटर. निरोगी तरुण माणसात हा आकडा शंभरच्या आसपास असतो.

डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. ती ठणठणीत असतील तर निम्मं औषध दीड-दोन दिवसांत जातं. ती जवळपास बंद पडली असतील तर त्याला चार-पाच दिवसही लागतात. अशा वेळी दोन दिवसांच्या सुट्टीने साठलेलं औषध फारसं कमी होत नाही. मूत्रपिंडांची ताकद पाहून डोसच बदलावा लागतो. डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली, मग कमी डोसवर सुरू केली. पंधरवड्यात आज्जी स्वतःहून भाकरी मागू लागली.

आपण पुण्यात किंवा बेंगळुरात बसूनही एवढं करू शकतो. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसोबत वय आणि वजन डॉक्टरांना कळवावं आणि "हा डोस किडनीला चालेल ना?" असं विचारावं. मळमळ, भूक जाणं, पिवळसर दिसणं, नाडी मंदावणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी सुरू झाली, तर तेही सांगावं. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं, तर डिगॉक्सिनचा धोका आणखी वाढतो. मात्र गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा.