ताडपत्र्यांचे देयक

2022 च्या राखीपौर्णिमेला कारम नदीवरच्या धरणाला गळती लागल्याचे वृत्त आमच्या मनावर गावच्या बाजारात येऊन थडकले, आणि त्यानंतरच्या धामधुमीतले माझ्या मनात आजही सलते ते पाणी नव्हे, तर एका दप्तरात अडकून पडलेले देयक.

धरणाची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. शेजारच्या धरमपुरी तहसिलीत कोठीदा गावाजवळ 304 कोटींच्या योजनेतला मातीचा बांध झिरपू लागला. धार जिल्ह्यातली 12 आणि खरगोनची 6 गावे रिकामी केली गेली, लष्कर आले आणि 14 ऑगस्टला पोकलेनांनी खोदलेल्या चरातून पाणी वाट काढून गेले.

त्या गडबडीत एका रात्री एका सरकारी दप्तराचा अंमलदार माझ्या दुकानाच्या दारी आला आणि म्हणाला, “काकाजी, भावाचे मागाहून पाहू, माल आधी काढा.” आजोबांनी धारच्या दरबारात खजिन्याची कारकुनी केलेली, त्यामुळे सरकारी मागणीला नकार देणे आमच्या घरात कोणाला सुचतच नाही, होत्या तेवढ्या जाड ताडपत्र्या खरेदीच्या भावात ट्रॅक्टरवर चढवल्या. कायदेकानू बाजूला सारून माणूस वाचवणारे सरकार पाहून मला त्या रात्री धन्यताच वाटली.

देयक रुजू केले, तेव्हा मात्र शेरे सुरू झाले. लेखी मागणीपत्र कोठे आहे? तीन दरपत्रके का नाहीत? माल भांडारवहीत कोणी चढवला? पोचपावतीवरची सही ज्याची होती तो अंमलदार बदलून गेलेला, आणि त्याच्या जागी आलेला गृहस्थ सही वाचता येत नाही असा शेरा मारून कागद परत पाठवी. त्या सुमारास दुसऱ्या एका पुरवठादाराचे देयक सुरळीत मंजूर झाल्याचे कानी आले, म्हणून मी माहितीच्या अधिकारात नकला मागवल्या. त्या कागदांत उणे असे काहीच नव्हते! मागणीपत्र होते, भांडारवहीची नोंद होती, दरपत्रकेही तीन होती, फक्त तिन्ही एकाच हस्ताक्षरात होती; माल पातळ, भाव माझ्या जवळजवळ दीडपट, आणि आवक पाणी ओसरल्यानंतरची. ज्याच्या ताडपत्रीखाली लेकुरवाळ्या बायका रात्रभर बसल्या त्याचे कागद अपुरे, आणि ज्याच्या ताडपत्रीची घडीही बहुधा मोडली नाही त्याचे कागद निर्दोष, ही गोष्ट मला आजतागायत पचलेली नाही.

अशा प्रसंगी निविदा मागवाव्यात असे कोणी म्हणणार नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या वित्तीय नियमांतही आणीबाणीत एकाच पुरवठादाराकडून खरेदीस मुभा आहे. अट एवढीच की कारण लेखी नमूद करावे आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. परंतु कोणाला बोलवावे हे ओळखीवर ठरते, आणि हा रोग आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये कोविडकाळात मंत्र्या-खासदारांच्या शिफारशीने आलेल्या पुरवठादारांसाठी वेगळी अग्रक्रमाची वाट ठेवली होती. लंडनच्या उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये ती बेकायदा ठरवली. तो निकाल वाचून मी प्रथम टाळी वाजवली, आणि मग ध्यानात आले की त्या रात्री अंमलदार माझ्याच दाराशी आला तोही वडिलांच्या ओळखीने. बाजारातल्या इतर दुकानांकडे माल असूनही त्यांना कोणी विचारले नव्हते. मग माझी तक्रार नक्की कशाबद्दल आहे, हे मला स्वतःलाही पुरते सांगता येत नाही.

तरीही एक मागणी करतो. संकट सरल्यावर आठ दिवसांच्या आत, कोणता जिन्नस, कोणाकडून, कोणत्या भावाने आणि कोणत्या दिवशी आला, कोणी उतरवून घेतला, याची यादी त्या त्या दप्तराच्या बाहेरच्या फळ्यावर लागावी. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम 4 स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावयास सांगते ते काही शोभेसाठी नव्हे. ज्यांनी ताडपत्र्या अंगावर घेतल्या त्या गावकऱ्यांना ती यादी वाचता आली, तर जाड कोणती आणि पातळ कोणती हे ते लेखापरीक्षकापेक्षा लवकर सांगतील.

माझ्या देयकावरचा हक्क मी सोडलेला नाही. नवा अर्ज गेला आहे.