तासाला एक ठोका

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी माझी पाळी सलग सात महिने आली नाही. प्रयोगशाळेतली जागरणे, चहावर भागवलेली जेवणे, पहाटेचे धावणे आणि नऊ किलोंनी उतरलेले वजन, अशा त्या दिवसांत पाळी नसणे मला सोयीचेच वाटले होते, हे कबूल करायला हवे. अखेर एका दवाखान्यात गेले. सोनोग्राफीत अंडाशयात बारीक पुटिका दिसल्या. 'पीसीओएस' असे निदान झाले, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मिळाल्या आणि सोबत सल्लाही : वजन कमी करा.

गोळ्या संपल्या, तरी रक्तस्राव झाला नाही. त्याकडे कुणी लक्ष दिले नाही, मीही नाही. प्रयोगातले शून्य हेही एक मोजमाप असते असे विद्यार्थ्यांना शिकवणारी मी! गर्भाशयाचे अस्तर आधी इस्ट्रोजेनने वाढलेले असेल तरच प्रोजेस्टेरॉन थांबल्यावर ते गळून पडते. काहीच झाले नाही, याचा अर्थ एक तर इस्ट्रोजेन अपुरे होते, नाहीतर अस्तरात किंवा बाहेरच्या मार्गात दोष होता. आपल्या देशात या दुसऱ्या शक्यतेमागे गर्भाशयाचा क्षयरोगही असू शकतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. मग गर्भधारणेची चाचणी (ती सर्वांत आधी, विवाहित-अविवाहित न पाहता) आणि रक्तातील एफएसएच, इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन व टीएसएच. कोणती औषधे चालू आहेत, हेही त्यांनी खोदून विचारले. पित्तावरच्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा डोम्पेरिडोन असते आणि त्याने प्रोलॅक्टिन वाढून पाळी थांबू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

माझे इस्ट्रॅडिऑल कमी होते आणि एफएसएचही कमीच. इथे माझ्यातली भौतिकशास्त्रज्ञ जागी झाली. अंडाशय निकामी होत असते, तर पीयूषिका ग्रंथीने अधिक जोर लावला असता आणि एफएसएच चढले असते. दोन्ही खाली, म्हणजे वरून हुकूमच येत नव्हता. तो हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून जीएनआरएच या संप्रेरकाच्या रूपाने सुटतो, आणि तो स्पंदांनी सुटतो.

अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांच्या पिट्सबर्गमधील सहकाऱ्यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी त्यानंतर वाचला. हायपोथॅलॅमसमधला हा स्रोत नष्ट केलेल्या ऱ्हीसस माकडिणींना जीएनआरएच तासाला एकदा, काही मिनिटांपुरते दिले, की पीयूषिकेचा स्राव पूर्ववत होई. तेच अखंड धारेने दिले, की स्राव घटे. रेणू तोच, फरक केवळ कालक्रमाचा. शरीर इथे मात्रेइतकीच वारंवारता वाचत होते. उपासमार, अति व्यायाम आणि ताण यांनी हे ठोके विरळ होतात. माझ्याबाबतीत तेच घडले होते. अशा स्त्रियांच्या सोनोग्राफीतही पुष्कळ पुटिका दिसू शकतात, म्हणून केवळ त्या चित्रावरून पीसीओएस ठरवता येत नाही. मला मिळालेला वजन घटवण्याचा सल्ला नेमका उलट्या दिशेचा होता.

नियमित पाळी तीन महिने थांबली, अनियमित असलेली सहा महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ती सुरूच झाली नाही, तर तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. वसतिगृहातल्या किती मुलींना तो ठाऊक असेल?

मी धावणे थांबवले आणि रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले. पाच महिन्यांनी पाळी परतली. इस्ट्रोजेनविना गेलेल्या काळात मणक्याच्या हाडांची घनता मात्र घटली होती; दोन वर्षांनंतरच्या तपासणीतही ती पूर्ण भरून आलेली नव्हती.