नाव काय लावणार?

आपल्या मराठीत नावाला भारी मान. पोराने परीक्षेत यश मिळवले की त्याने घराण्याचे नाव काढले. उनाडक्या केल्या की नाव बुडवले. शेजारणीच्या भाजीत मीठ जास्त पडले की आपण तिला नावे ठेवतो, आणि कुणाशी कायमचे बिनसले की त्याचे नाव टाकतो. पण या साऱ्यांत मला मौज वाटते ती पुरुषांच्या एका प्रतिज्ञेची. भावकीचे भांडण असो, गावची निवडणूक असो की चौकातली पैज असो, गृहस्थ इरेस पेटले की मांडीवर थाप मारून म्हणतात, “असं झालं नाही, तर बापाचं नाव लावणार नाही!” म्हणजे पुरुषाला याहून मोठी शिक्षा ठाऊक नाही. बाकी काही सोसेल, पण नाव सोडणे नको!

आणि नेमकी हीच शिक्षा आम्हां बायकांना, कोणताही गुन्हा न करता, सनई-चौघड्याच्या गजरात आणि पेढे वाटून दिली जाते. वर साऱ्यांनी म्हणायचे, “काय गोड नाव शोधलंय हो!”

हे सारे मला आताच का सुचावे, असे चाणाक्ष वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. तुळशीचे लग्न लागले की पुढच्या पंधरवड्यात माझे लागायचे आहे. गेले दोन महिने जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. पहिला, “शालू कुठून घेतला?” आणि दुसरा, “नाव काय लावणार?” पहिल्याचे उत्तर देताना मला मुळीच विचार करावा लागत नाही. दुसऱ्यापाशी मात्र घोडे अडते. आत्या म्हणते, “बदललं नाहीस तर लोक म्हणतील, पहिल्या दिवसापासूनच पटत नाही वाटतं.” कचेरीतली मैत्रीण म्हणते, “बदललंस तर मग एवढी शिकलीस कशाला?” मी आपली अडकित्त्यातल्या सुपारीसारखी मधे.

शेवटी, ज्यांच्याशी लग्न ठरले आहे त्यांनाच विचारले. माणूस मोठा समजूतदार आहे (नसता, तर ठरलेच नसते). तो चटकन म्हणाला, “तुला हवं ते लाव. माझी काही हरकत नाही.”

उत्तर चांगलेच होते. तरी घरी येताना ते ‘हरकत नाही’ चपलेतल्या खड्यासारखे टोचत राहिले. हरकत नाही असे कोण म्हणतो? ज्याला हरकत घेता येते तोच! पुढच्या भेटीत मी त्याला विचारले, “आणि लग्नानंतर तू काय लावणार?” तो हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला. साखर केव्हाच विरघळलेल्या चहात त्याने बराच वेळ चमचा फिरवला आणि म्हणाला, “खरंच की. मला हे अजून कुणी विचारलंच नाही.”

हे उत्तर मला पहिल्यापेक्षा पुष्कळ आवडले.

इथे कुणाचा असा समज व्हायचा, की ही मुलगी पदर खोचून साऱ्या पुरुषजातीशी भांडायला निघाली आहे. आमच्या आत्याला तर ‘स्त्रीवाद’ हा शब्दच कारल्यासारखा कडू लागतो. तिच्या मते स्त्रीवादी बाई म्हणजे जिला टिकली खपत नाही आणि वरणाला फोडणी देता येत नाही ती. मी तिला कसे सांगू, की मला टिकलीही आवडते आणि अबोलीचा गजराही. हिरव्या चुड्याची किणकिण मी आताच मनात ऐकू लागले आहे. आणि पुरणपोळीचे म्हणाल, तर माझी कडेपर्यंत पुरण भरलेली असते. बाईपण मला ओझे वाटत नाही. मला एवढेच वाटते, की माझ्याबद्दलचे जे ठरायचे ते ठरताना कुणी मला विचारावे. याला स्त्रीवाद म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. आणि नुसते शहाणपण म्हटले, तरी माझे काही भांडण नाही.

“पण ही तर पूर्वापार रीत आहे,” आत्या म्हणते. रीत आहे खरीच. नवी सून माप ओलांडून आत येते, ताटात तांदूळ पसरतात आणि अंगठीने त्यात तिचे नवे नाव लिहितात. दृश्य मोठे सुरेख असते. पण तांदळातले नाव लिहिताना, ताटावरून हात फिरवून जुने पुसावे तशी एक मुलगीच पुसली जाते, हे फोटोत येत नाही.

आपल्या महाराष्ट्राने अशा किती नावांना निरोप दिला, ते एकदा मोजू लागले आणि थक्क झाले. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी आणि सेवासदनाच्या रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच! ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईही मनकर्णिकाच. दोन यमुना आणि दोन मनकर्णिका उंबरठ्यापाशी थांबल्या, आणि आत गेल्या त्या आनंदी, रमा आणि दोन लक्ष्मी. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो गोदूबाई जोशी या विधवेशी. केवढे धाडसाचे लग्न ते! पण लग्न नव्या विचाराचे असले, तरी गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्याच. रूढीचे एवढे मोठे दार मोडले, आणि ही लहानशी खिडकी तेवढी तशीच राहिली.

बाळूताई खऱ्यांची गोष्ट मात्र जरा निराळी. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ छापून आले ते ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने, आणि पांढरपेशा घरांत खळबळ उडाली. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. पण मराठी वाचक आजही विभावरी म्हटले की ओळखतो. ते नाव लग्नाच्या ताटातून आले नव्हते. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी आले होते.

आता न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाव बदलणे म्हणजे प्रत्येक वेळी अन्यायच, असे मला म्हणवत नाही. मुलगाच हवा असताना मुलगी झाली, म्हणून तिचे नाव ‘नकुशा’ ठेवायचे, ही चालही आपल्याच मुलुखातली. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली. त्या मुलींना कुणी जाऊन सांगावे, की बायांनो, आपले जन्माचे नाव जपा! नाव बदलणे हीच त्यांची सुटका होती. तेव्हा प्रश्न जुन्या नावाचा की नव्या नावाचा, हा नव्हेच. बदलायचे की नाही, हे ज्याचे नाव त्याने ठरवले का, हा आहे.

शिवाय मी जे नाव ‘माझे, माझे’ म्हणून जपायला निघाले आहे, ते तरी कुठे सारे माझे? पुढचे तेवढे माझे. मधले बाबांचे, आणि आडनाव बाबांच्या बाबांचे. आई त्यात कुठेच नाही. जिने नऊ महिने वाढवले, रात्री जागवल्या, पाढे पाठ करून घेतले, तिला माझ्या नावात पाय टेकायला जागा नाही! महाराष्ट्र सरकारने २०२४ साली सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा निर्णय केला. तो वाचून आई म्हणाली, “चला, निदान नातवंडांच्या कागदावर तरी मी दिसेन.” मी म्हटले, “नातवंडांच्या कागदावर मी दिसेन, आई. तू नाहीस.” ती म्हणाली, “अरे हो!” आणि आम्ही दोघी खूप हसलो.

आईचे स्वतःचे कागद हा एक निराळाच अध्याय आहे. पदवीवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे. कुठे काही अडले, की मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र करायचे: दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. बाबांना आपण बाबाच आहोत, असे कधी शपथेवर सांगावे लागलेले मी पाहिले नाही. आणि खुद्द कायदा पाहावा, तर लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे असे तो म्हणत नाही. म्हणजे जे कायद्याने मागितले नाही ते रीतीने करायचे, आणि मग रीतीने केलेले कायद्याला समजावीत बसायचे!

पण नावाच्या प्रश्नाची खरी किंमत मला कळली ती आजीकडून. माझी आजी ऐंशी ओलांडून गेली आहे. तिची दोन्ही नावे मी इथे सांगत नाही. छापून आलेले तिला आवडायचे नाही. माहेरचे एका नदीचे होते, सासरचे एका देवीचे आहे, इतके पुरे. तिचे लग्न १९६१ सालचे. एकदा मटार सोलता सोलता मी तिला विचारले, “आजी, माहेरचं नाव पुन्हा कधी लिहिलंस गं?”

“एकदाच,” ती म्हणाली. “वडील गेले तेव्हा. हक्कसोडपत्रावर.”

पुढचे तिने मटार सोलण्याच्याच सुरात सांगितले. १९७९ साली तिचे वडील गेले. वर्षश्राद्धाच्या आत भाऊ कागद घेऊन आले. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत लाकडी बाकावर तिला बसवले. कागदावर तिची दोन्ही नावे होती, मधे ‘ऊर्फ’. अठरा वर्षे ज्या नावाने तिला कुणी पत्रसुद्धा घातले नव्हते, ते नाव त्या दिवशी साऱ्यांना आठवले, कारण वडिलांच्या घरातला आणि जमिनीतला वाटा सोडायचा होता आणि वाटा त्या नावाच्या मुलीचा होता. १९५६ च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत हिस्सा दिला होता, हे आजीला तेव्हा कुणी सांगितले नाही. सांगितले एवढेच, की बहीण सही करतेच, अशी पद्धत आहे. तिने सही केली. भावांनी साडीचोळी केली, आणि ती संध्याकाळच्या गाडीने परत आली.

“वाईट वाटलं?” मी विचारले.

“वाट्याचं नाही गं. सही केली नसती तर माहेर तुटलं असतं. दिवाळीला जायला दार राहिलं नसतं.” तिने एक शेंग उकलली. “पण ते नाव लिहिताना अक्षर शाळेतलं आलं बघ. गोल गोल. मला वाटलं, ही मुलगी इतके दिवस होती कुठं?”

२००५ सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. कायदा पुष्कळ पुढे आला. पण कचेरीतले ते लाकडी बाक अजून तिथेच असावे, आणि साडीचोळीची दुकानेही चालू आहेत.

मी आजीला विचारले, की मग मी नाव काय लावू? मला वाटले होते, ती म्हणेल तुझे आहे तेच ठेव, किंवा म्हणेल रीत मोडू नकोस. ती म्हणाली, “नाव कुठलंही लाव. पण जिथं सही करशील, तिथं आधी वाचून बघ.”

इतके व्याख्यान मी आजवर ऐकलेल्या एकाही व्याख्यानात नव्हते.

तेव्हा माझ्यापुरते मी ठरवले आहे. नाव आहे तेच राहील. त्यात बाबांच्या नावाआधी आईचे घालून घ्यायचे म्हणते आहे. सरकारी फॉर्मवर चौकोन अपुरे पडतील, तर पडोत. आडनावाचा प्रश्न पुढे मुलाबाळांच्या वेळी पुन्हा निघेल, तेव्हा आम्ही दोघे मिळून चहा थंड करू. आणि एखाद्या मैत्रिणीने आनंदाने, आपल्या मनाने नवे नाव घेतले, तर तिच्या पेढ्यातला मोठा पेढा मी खाईन.

परवा होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, “अगं, ताटात काय लिहायचं ठरवलंस का? गुरुजी विचारत होते.”

‘ठरवलंस का’ हे शब्द मी मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकून घेतले. मग म्हटले, “आहे तेच लिहावं म्हणते. चालेल ना?”

“न चालायला काय झालं? नाव तुझं.”

मला धीर आला. मी विचारले, “तुमचं काय लिहिलं होतं?” त्यांनी सांगितले, ते मला ठाऊकच होते. “आणि त्याच्या आधी काय होतं?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक झाली. मला वाटले, फोन बंद पडला. तेवढ्यात त्यांनी एक नाव सांगितले, अगदी हळू, कुणी शेजारच्या खोलीत निजले असावे तसे. आणि म्हणाल्या, “बावीस वर्षं होतं माझ्याजवळ.”

थोड्या वेळाने त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. “तांदूळ मी जरा जास्तच घेते,” त्या म्हणाल्या. “ताटही मोठं काढते. तुझं लिहून झालं, की मलाही एकदा लिहून बघायचंय.”