इसबाचा काढा

सिकाडा किड्याची कात इतकी हलकी असते, की ती तोलताना मी पंखा बंद करते. पोकळ, तपकिरी, पायांच्या नख्यांसकट. खाजेवरच्या ‘श्याओ फंग सान’ या जुन्या चिनी औषधी पाठात ती पडते. छन शिगोंग यांच्या १६१७च्या ग्रंथात तो दिला आहे. सोबत तीळ, जिप्समचे खडे आणि तोंड वाकडं करणारं खू शेन हे कडू मूळ. खडे आधी उकळायचे. जिंग ज्ये या वनस्पतीचे तुरे मात्र अगदी शेवटी टाकायचे, नाहीतर त्यांचा वास वाफेबरोबर उडून जातो. लंडनमधल्या माझ्या पेशंटांच्या शेजाऱ्यांना तो उडालेलाच बरा वाटतो म्हणा!

मी आधी कातडी बघते, मग जीभ. कातडी लाल, कोरडी, रात्री आग होणारी असेल तर शंग दी हे थंडावा देणारं मूळ वाढवते. पाणी सुटत असेल तर तेच कमी करून छांग झू हे ओल शोषणारं मूळ घालते. खाज आज कोपरात तर उद्या मानेवर अशी हिंडायला लागली, की तिला आम्ही ‘वारा’ म्हणतो. कातडी पालटली की पाठ पालटायचा, म्हणून महिनाभराच्या पुड्या मी एकदम बांधून देत नाही.

चाचणीत हे कसं बसवायचं? चायनाटाउनमधल्या डॉ. डिंग-हुई लुओ यांच्या काढ्याने मुलं सुधारताना पाहून ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इस्पितळाच्या त्वचातज्ज्ञांनी चाचणी घेतली. दहा वनस्पतींचा एकच पाठ. आपलं गोखरूही त्यात होतं. पाठ एकच, म्हणून इसबही एकाच तऱ्हेचं निवडलं, अंगभर पसरलेलं पण न वाहणारं. १९९२मध्ये निकाल आला. ४७ पैकी ३७ मुलं शेवटपर्यंत टिकली आणि काढा लुटुपुटीच्या काढ्याहून सरस ठरला. पुढे हाँगकाँगमध्ये त्याच पाठाने फरक दाखवला नाही. मला दोन्ही निकाल खरे वाटतात.

माझी झोप उडवतं ते ‘श्याओ फंग सान’मधलंच मू थोंग. खोडाचे गोल, सच्छिद्र काप. त्याच नावाने अरिस्टोलोकियाचं खोडही विकलं जायचं, आणि ते मूत्रपिंडं जाळतं. इसबासाठी काढा घेणाऱ्या दोन रुग्णांची मूत्रपिंडं निकामी झाल्याची नोंद ब्रिटनमध्ये १९९९ साली झाली. मी मू थोंग ठेवतच नाही. यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून रक्ततपासणीशिवाय काढा सुरू करत नाही आणि डॉक्टरांचं मलम परस्पर बंद करू देत नाही. “झाडपाल्याचंच तर आहे, मग सुई कशाला?” असं आया विचारतात. विचारोत बापड्या.

कधी कुणी पर्समधून बिनलेबलची डबी काढतं. “हे चिनी मलम दोन दिवसांत गुण देतं, तुमचं का नाही देत?” लंडनमध्ये अशी ११ मलमं तपासली तेव्हा आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं होतं. मी डबी ठेवून घेते आणि विचारते, तोंडाला किती दिवस लावलंत?